हिंवाळ्यांत गोठा अल्प खर्चांत ऊबदार कसा राखावा?

मार्गशीर्ष लागतांच आमच्या गोदाकांठच्या प्रदेशांत पहांटेची थंडी अंगांत शिरूं लागते, आणि पौषांत तर निफाडकडील पारा ५ अंश सेल्सिअसच्याहि खालीं उतरल्याचें वर्तमान पुष्कळदां वाचावयास मिळतें. इतरत्रहि थंडी कमी नसते. नागपूर येथें २०१८ सालच्या डिसेंबर महिन्यांत पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि पुण्यास १९३५ सालीं १.७ अंशांची नोंद झालेली आहे. ही थंडी गहूं व हरभरा या पिकांस मानवते. द्राक्षबागाईतदार रात्रीं शेकोट्या पेटवून आपली बाग संभाळतो. परंतु त्याच रात्रीं गोठ्यांत बांधलेल्या आठ दिवसांच्या वासराकडे कोणाचें लक्ष जातेंच, असें नाहीं; आणि जेथें जातें तेथें पुष्कळदां भलताच उपाय केला जातो.

प्रस्तुत लेख लिहिण्याचें कारण आमचीच एक चूक आहे. कांहीं वर्षांपूर्वीं पौषांत आमची गाय व्याली व तिला कालवड झाली. त्या आठवड्यांत थंडीचा कडाका होता. आम्हीं गोठ्याच्या साऱ्या फटी गोणपाटानें व प्लॅस्टिकच्या कागदानें बुजविल्या, आढ्याखालची मोकळी जागाहि बंद केली, आणि रात्रीं गोंवऱ्यांची शेगडी आंत ठेविली. आंत पाऊल टाकतांच ऊब लागे, त्यामुळें आम्हांस मोठें समाधान वाटे. सातव्या-आठव्या दिवशीं कालवड खोकूं लागली, तिनें दूध टाकलें, आणि तिचा श्वास जोरानें चालूं लागला. पशुवैद्य आले त्यांनीं कालवडीस हात लावण्यापूर्वीं तिच्या खालच्या काडावर हात ठेवला, मग वर पत्र्याकडे पाहिलें. काड ओलें होतें व पत्र्यावरून थेंब गळत होते. “थंडीपासून वांचविण्यासाठीं आपण हिला ओलाव्यांत व धुरांत कोंडलें,” एवढेंच ते म्हणाले. औषधोपचार झाला, पण तिसऱ्या दिवशीं कालवड गेली. एका वासरावरून नियम बांधूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु पुढें विचारपूस केली तेव्हां हीच चूक आमच्या आसपासच्या गांवीं अनेकांकडून झाल्याचें दिसून आलें.

यास्तव जें सांगावयाचें तें आरंभींच सांगतों. गोठा तापविणें हें आपलें काम नव्हे. जनावर कोरडें, वाऱ्याआड व भरल्या पोटीं ठेवणें हें आपलें काम आहे. एवढें साधलें म्हणजे ऊब आपोआप राहते, आणि तिला खर्चहि फारसा लागत नाहीं.

१. थंडी अंगास कशी बाधते

गाईच्या शरीराचें उष्णतामान सुमारें ३८.५ अंश सेल्सिअस असतें. भोंवतालची हवा त्याहून थंड असली म्हणजे शरीराची उष्णता चार वाटांनीं बाहेर जाते. थंड व ओल्या जमिनीच्या स्पर्शानें ती जाते, ही पहिली वाट. अंगावरून वाहणारा वारा ती नेतो, ही दुसरी. थंड भिंती, थंड पत्रा व उघडें आकाश यांकडे ती किरणरूपानें निघून जाते, ही तिसरी. अंगावरील ओल सुकतांना ती खर्च होते, ही चौथी. चारींपैकीं दोन वाटा ओलाव्याच्या आहेत व एक वाऱ्याची आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. अंगावरचे केंस कोरडे व उभे असले कीं त्यांच्यामध्यें हवा अडकून राहते व ती पांघरुणाचें काम करते. केंस भिजले किंवा वाऱ्यानें विस्कटले, कीं तें पांघरूण नाहींसें होतें.

सर्व जनावरांस थंडी सारखी बाधत नाहीं. पोटभर खाल्लेली मोठी गाय कोरड्या व वाऱ्याआडच्या जागीं असेल, तर आपल्याकडील थंडीनें ती सहसा आजारी पडत नाहीं. म्हशीच्या अंगावर केंस विरळ असल्यामुळें तिला थंडी अधिक लागते. खरी काळजी नवजात वासराची व पारडाची घ्यावयास हवी. हवेचें उष्णतामान सुमारें १५ अंशांच्या खालीं गेलें, कीं कोंवळ्या वासरास अंग गरम राखण्यासाठीं आपल्या शरीरांतील सांठा जाळावा लागतो. वाढीसाठीं पाजलेलें दूध मग ऊब राखण्यांतच खर्ची पडतें, आणि रोगाशीं झगडण्याची शक्ति कमी होते. वासरूं महिन्याचें झालें, चारा चघळूं लागलें, म्हणजे त्याची सहनशक्ति बरीच वाढते. अर्थात् प्रत्येक वासराचा पहिला महिना संभाळणें, हाच या विषयाचा गाभा आहे.

२. गोठ्यांतील खरी शेगडी

विजेच्या हीटरनें गोठा तापवावा असें कोणी सुचवील, तर त्याचा हिशेब करून पाहावा. १००० वॅटचा हीटर रात्रीं १० तास चालला, तर १० युनिट वीज जळते. दोन महिन्यांचीं ६०० युनिटें होतात. इतकें करूनहि वर उघड्या असलेल्या गोठ्यांत ती ऊब आढ्यावाटें निघून जाते. पूर्वीं वासराजवळ १०० वॅटचा दिवा टांगीत असत. आतां घरोघरीं एलईडी दिवे आले आहेत. ९ वॅटच्या अशा दिव्यापासून उजेड मिळतो, ऊब मात्र नांवापुरतीच मिळते. तेव्हां ‘दिवा लावला आहे’ या समाधानांत कोणी राहूं नये.

याउलट चांगलें दूध देणारी एक मोठी गाय चारा पचवितांना व दूध करतांना रात्रंदिवस सुमारें १००० वॅटइतकी उष्णता बाहेर टाकीत असते. म्हणजे ज्याच्या गोठ्यांत अशा चार गाई आहेत, त्याच्या गोठ्यांत चार हीटर फुकट चालूं आहेत. प्रश्न ऊब निर्माण करण्याचा नाहीं. वारा ती पळवून नेतो, तें थांबविण्याचा आहे.

परंतु हीच गाय श्वासावाटें व अंगावाटें दिवसाकांठीं कित्येक लिटर पाणी वाफेच्या रूपानें हवेंत सोडते. मूत्र व शेण यांची ओल निराळीच. गोठा सर्व बाजूंनीं बंद केला तर ही वाफ थंड पत्र्यास लागून तिचे थेंब होतात व खालीं गळतात. शिवाय मूत्रांतील युरिया कुजून अमोनिया वायु सुटतो. तो नाकाची व श्वासनलिकेची आंतली त्वचा जाळतो, आणि मग रोगजंतूंस वाट मोकळी होते. ज्यास डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात तो फुफ्फुसदाह बंद गोठ्यांत अधिक होतो, त्याचें एक मोठें कारण हेंच आहे. म्हणून नियम असा धरावा कीं, खालची हवा अडवावी व वरची मोकळी सोडावी.

३. वारा अडविण्याचे उपाय

आपल्याकडे हिंवाळ्यांतील बोचरा वारा बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून येतो. त्या बाजू जमिनीपासून सुमारें पांच फूट उंचीपर्यंत बंद कराव्या, आणि त्यावर छपराखालीं फूटभर जागा उघडी ठेवावी. यासाठीं पुढील साधनें बहुतेकांच्या घरींच असतात.

पहिलें साधन कडब्याचें. सुगीनंतर कडब्याची गंजी शेताच्या कोपऱ्यांत रचण्याऐवजीं गोठ्याच्या उत्तरेस, कांहीं हात अंतर सोडून रचावी. चारा तर जवळ राहतोच, शिवाय कांहीं एक खर्च न होतां वाऱ्यास आडोसा मिळतो. दुसरें साधन तुरकाट्या किंवा पऱ्हाट्या यांच्या कुडाचें. ताटी बांधून तिला शेणमातीचा लेप दिला, तर एका माणसाच्या दोन दिवसांच्या मेहनतींत दहा-बारा फुटांची बाजू सहज होते. तिसरें साधन खताच्या रिकाम्या पोत्यांच्या पडद्याचें. पोतीं उसवून, धुवून, एकास एक शिवावीं. खालच्या कांठांत बांबू घालावा, म्हणजे पडदा वाऱ्यानें उडत नाहीं. सूर्यास्तापूर्वीं पडदा सोडावा व ऊन वर आल्यावर गुंडाळावा. दिवसभर तो सोडून ठेवणें हा आळस आहे, व त्याचा दंड जनावरास भरावा लागतो.

दक्षिण बाजू मात्र दिवसा उघडी असावी. डिसेंबरच्या अखेरीस नाशिकच्या अक्षांशावर भर दुपारींहि सूर्य क्षितिजापासून सुमारें ४६ अंशच वर येतो. त्यामुळें वळचण सहा फूट उंच असेल, तर दुपारचें ऊन साडेपांच फुटांहून अधिक आंत येतें. तेंच ऊन मे महिन्यांत सूर्य माथ्यावर आल्यामुळें आंत येत नाहीं. वासरांची जागा दक्षिण बाजूच्या या पट्ट्यांत ठेवली, तर दिवसा बिछाना वाळतो व वासरें शेकलीं जातात. सूर्याइतकी स्वस्त शेगडी दुसरी नाहीं.

ज्यांस दोन-तीन वर्षांचा धीर आहे, त्यांनीं उत्तरेच्या बांधावर शेवरी, शेवगा किंवा गिरिपुष्प यांची दाट ओळ लावावी. झाडांच्या ओळींतून थोडा वारा झिरपतो व त्यामुळें त्याचा जोर हळूहळू मोडतो. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोंवऱ्यासारखा खालीं येतो, तसें येथें होत नाहीं. अशा ओळीचा आडोसा तिच्या उंचीच्या सुमारें दहापट अंतरापर्यंत जाणवतो. शिवाय पाला जनावरांच्या कामास येतो.

४. छप्पर

पत्र्याचें छप्पर हिंवाळ्यांत दुहेरी त्रास देतें. निरभ्र रात्रीं पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून बाहेरच्या हवेहूनहि थंड होतो. मग जनावरांच्या अंगची ऊब तो शोषतो, आणि वाफेचे थेंब करून अंगावर टाकतो. यास स्वस्त उपाय म्हणजे पत्र्यावर उंसाचें पाचट किंवा भाताचा पेंढा अर्धा फूट जाडीचा पसरून दोऱ्यांनीं अगर जुन्या जाळीनें घट्ट बांधणें. काडाच्या पोकळींत व काडाकाडांमध्यें अडकलेली हवा उष्णतेस सहज जाऊं देत नाहीं. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत आपल्याकडे पाऊस बहुधा तुरळकच पडतो, त्यामुळें हें आच्छादन टिकतें. उन्हाळ्यांत तेंच पत्र्याचा ताप कमी करतें, आणि मृगापूर्वीं उतरवून खताच्या खड्ड्यांत टाकतां येतें. विजेच्या तारा मात्र या काडापासून दूर असाव्या.

आढ्याशीं वाफ निघून जाण्यास जागा अवश्य ठेवावी. सकाळीं पत्र्याच्या आंतल्या बाजूस हात लावून पाहावा. हात ओला झाला, तर वरची वाट अपुरी आहे असें समजावें.

५. बिछाना

खर्चाच्या मानानें सर्वांत अधिक फळ देणारा उपाय कोरड्या बिछान्याचा आहे. फरशी किंवा सिमेंटचा कोबा रात्रीं वासराच्या पोटाची ऊब ओढून घेतो. त्यावर गव्हाचें काड, भाताचा पेंढा, बाजरीचें सरमाड किंवा बारीक केलेलें पाचट अर्धा ते पाऊण फूट जाड पसरावें. वासरूं बसल्यावर त्याचे पाय काडांत झांकले गेले, म्हणजे बिछाना पुरेसा आहे. गुडघे व खूर उघडे दिसत असले, तर आणखी घालावा.

बिछाना कोरडा आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. वरचें काड कोरडें दिसतें व खालीं ओल असते. म्हणून त्यावर आपण स्वतः गुडघे टेकून अर्धा मिनिट बसावें. धोतर ओलसर लागलें, तर वासरूंहि रात्रभर ओल्यांतच बसणार आहे. त्याच वेळीं वासराच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्यावा. नाकास झिणझिण्या आल्या किंवा डोळे चुरचुरले, तर अमोनिया सांचला आहे. उभ्या माणसास हा वास पुष्कळदां लागत नाहीं, हें विसरूं नये. रोज ओलें काड उचलून खतांत टाकावें व वर नवें पसरावें. जमिनीस दर चाळीस फुटांस एक फूट इतका उतार असला, म्हणजे मूत्र वाहून नालींत जातें.

६. वासराचा कोपरा व झूल

सबंध गोठा ऊबदार करण्यापेक्षां वासराचा एक कोपरा ऊबदार करणें सोपें आहे. चार फूट रुंद व पांच फूट लांब जागेवर, जमिनीपासून चार फुटांवर बांबूंचा लहानसा मांडव घालावा. त्यावर वीतभर पेंढा पसरावा, तीन बाजूंस तट्टे बांधावे, व दक्षिणेची बाजू मोकळी ठेवावी. वासराच्या अंगची ऊब या बुटक्या मांडवाखालीं टिकते, आणि समोरून शुद्ध हवा मिळते.

झूल घरींच शिवतां येते. एक गोणपाट उलगडून त्याची दुहेरी घडी करावी, मध्यें पेंढ्याचा पातळ थर घालून गोधडीसारखे टांके घालावे, आणि छातीखालीं व पोटाखालीं बांधण्यास नाड्या लावाव्या. झूल रात्रीं घालावी व सकाळीं काढून उन्हांत वाळवावी. ओली झूल घालण्यापेक्षां झूल नसलेली बरी.

७. पोटांतील ऊब

नवजात वासरूं ओलें असतें, आणि तीच घटका सर्वांत धोक्याची असते. गाय चाटतेच, तरी आपणहि कोरड्या गोणपाटानें त्याचें अंग चोळून पुसावें. जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आंत पहिला चीक पाजावा. पहिल्या दिवसांत वासराच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच किलोपर्यंत चीक थोडाथोडा करून द्यावा. चिकांतील रोगप्रतिकारक द्रव्यें पहिल्या दिवसांतच आंतड्यांतून रक्तांत शिरूं शकतात. पुढें तो मार्ग बंद होतो. शिवाय चीक हेंच त्याचें पहिलें जळण आहे. खरवसाच्या लोभानें चीक राखून वासरास उपाशी ठेवणें म्हणजे शेगडींतील निखारे काढून घेणें होय. कडाक्याच्या दिवसांत दूध ताजें व कोंबटच पाजावें, आणि शक्य असेल तर रात्रीं उशिरां आणखी एकदां पाजावें.

मोठ्या जनावरांस संध्याकाळीं कडबा व सरमाड यांचा भरपूर चारा घालावा. हा चारा पोटांत आंबतांना कित्येक तास उष्णता निघत राहते व पहांटेच्या थंडींत ती कामास येते. पाणी हौदांत रात्रभर राहिलेलें देऊं नये. जमिनीच्या पोटांतील उष्णतामान वर्षभर फारसें बदलत नाहीं. त्यामुळें विहिरीचें नुकतेंच काढलेलें पाणी हिंवाळ्यांत कोंबट असतें. तेंच पाजावें. गार पाणी पोटांत गरम करण्यास जनावराचीच ऊब खर्च होते, व जनावर पाणीहि कमी पितें. दूध कमी होण्याचें तें एक कारण असतें.

८. जें करूं नये

गोठ्याच्या आंत शेगडी, शेकोटी किंवा गोंवऱ्यांची आग ठेवूं नये. कडबा व काड जवळ असतांना आगीचें भय तर आहेच. परंतु धुमसत्या आगींतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यावर प्राणवायु वाहून नेला जातो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक बळानें चिकटतो. बंद जागेंत जनावर व राखणदार गडी दोघेहि झोंपेंतच दगावूं शकतात. डांसांसाठीं कडुनिंबाचा धूर करावयाचा असल्यास तो संध्याकाळीं, पडदे सोडण्यापूर्वीं, अंगणांत करावा.

ज्यांच्या गोठ्याच्याच एका बाजूस ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल उभी असते, त्यांनीं थंडींत यंत्र गरम करण्यासाठीं तें आंतल्या आंत चालूं ठेवूं नये. त्या धुरांतहि हाच वायु असतो. यंत्र प्रथम बाहेर काढावें, मग चालूं ठेवावें. गोठा व यंत्र यांच्यामध्यें कूड घालून वेगळी खोली केली तर उत्तमच.

सारांश

खर्चाच्या क्रमानें सांगावयाचें तर कडब्याची गंजी उत्तरेस रचणें, वासरास दक्षिणेच्या उन्हाच्या पट्ट्यांत बांधणें, ताजें पाणी पाजणें व वेळेवर चीक देणें यांस कांहींच खर्च नाहीं. कूड, पडदा, मांडव व झूल यांस मेहनत लागते, पैसा थोडाच लागतो. पत्र्यावरील आच्छादनास घरचें पाचट पुरतें. विकत घेण्यासारखी एकच वस्तु आम्ही सुचवितों, ती म्हणजे साधा उष्णतामापक. तो वासराच्या उंचीवर टांगावा, आणि पहांटेचा अंक वहींत टिपावा. ज्या रात्रीं तो दहाच्या खालीं जाईल, त्या रात्रीं काड वाढवावें व झूल घालावी.

आमच्या त्या गाईस पुढील हिंवाळ्यांत पुन्हां कालवड झाली. या खेपेस आढें मोकळें होतें, शेगडी नव्हती, आणि आंत शिरल्यावर आम्हांस स्वतःस ऊब अशी फारशी वाटत नसे. मात्र कालवडीच्या झुलीखालीं हात घातला, कीं तो गरम लागे, व खालचें काड कोरडें असे. ती कालवड आज दुभती आहे. गोठ्यांत शिरणाऱ्या माणसास काय वाटतें, यावरून गोठ्याची परीक्षा करूं नये; वासराच्या अंगाखालीं हात घालून करावी. शेतकरी बंधूंनीं येत्या थंडीपूर्वीं एक दिवस याकामीं खर्च करावा, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.